मेडिकल शब्दांच्या मुळांचा कार्ड-बॉक्स: चार महिने वापरून झाल्यावर

मी ऐरोलीला मेडिकल कोडिंगमध्ये काम करते. त्याआधी बीएस्सी झूऑलॉजी, आणि दहावीपर्यंत पूर्ण मराठी मीडियम. काम असं की डॉक्टरांनी लिहिलेला रिपोर्ट वाचायचा आणि त्यातल्या प्रत्येक आजाराला आणि प्रत्येक ऑपरेशनला ठरलेला कोड लावायचा, एक शब्द चुकीचा वाचला की कोड चुकतो, कोड चुकला की विम्याचा क्लेम परत येतो आणि मग टीम लीडर विचारतात. सुरुवातीला मी शब्द नुसते पाठ करायचे, पाच हजार शब्द पाठ केले तरी सहाव्या हजारातला पहिला शब्द आला की परत शून्य. तेव्हा बरोबरच्या एका मुलीने सांगितलं की अगं शब्द पाठ करू नकोस, तुकडे पाठ कर, आणि तिच्याकडे बघून मी पण हा बॉक्स मागवला. २४० कार्डं, ६५० रुपये, बनवणाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली चुका पण सांगणार आहे आणि माझा हेतू कोणाचा धंदा बसवायचा नाहीये.

आधीच सांगते, बॉक्स घ्या. पण पेन्सिल घेऊन बसा.

कार्ड पत्त्याएवढं आहे. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात तुकडा, म्हणजे सुरुवातीचा प्रिफिक्स किंवा मधलं मूळ म्हणजे रूट किंवा शेवटचा सफिक्स, खाली तीन उदाहरणं. मागे अर्थ आणि अगदी खाली बारीक अक्षरात एक ओळ, तो तुकडा कुठल्या भाषेतून आला त्याची. रंग तीन, प्रिफिक्सला निळा, रूटला पिवळा, सफिक्सला हिरवा, आणि हे खरंच डोकं लावून केलंय कारण निळं पिवळं हिरवं असं टेबलावर शेजारी ठेवलं की शब्द तयार होतो. पुठ्ठा बरा आहे, चार महिन्यांत कोपरे थोडे मऊ झालेत बाकी काही नाही. डबा मात्र पहिल्याच आठवड्यात फाटला, मी आता स्टीलच्या डब्यात ठेवते.

आता हे कसं उपयोगी पडतं त्याचा एकच प्रसंग सांगते. कराडहून आई आली होती, ती शाळेत संस्कृत शिकवायची, आता रिटायर आहे. ती मेथी निवडत होती आणि मी समोर कार्डं मांडून बसले होते, हेपॅटो, स्प्लेनो, मेगाली. हेपॅटोस्प्लेनोमेगाली, हा शब्द आमच्याकडे रोज येतो. आईने विचारलं हे काय गं एवढं लांबलचक, मी म्हटलं लिव्हर आणि स्प्लीन दोन्ही वाढलेत. तिने परत म्हणायला लावलं. आणि मग म्हणाली, "स्प्लेन म्हणजे आपली प्लीहा की गं. आणि मेगा म्हणजे महा." मला वाटलं तुक्का असेल, पण रात्री कोशात बघितलं तर ग्रीक स्प्लेन आणि संस्कृत प्लीहन् खरंच एका घरातले शब्द आहेत, ग्रीक मेगास आणि संस्कृत महत् पण, आणि आईला न ओळखता आलेला तिसरा म्हणजे ग्रीक हेपार, तो पण आपल्या यकृतचा सख्खा नातेवाईक निघाला, कारण सुरुवातीचा जुना य ग्रीकमध्ये ह होतो. म्हणजे तो सतरा हात लांबीचा शब्द तुकड्या-तुकड्याने यकृत, प्लीहा आणि महा एवढाच आहे. त्या दिवसापासून मला तो शब्द परत बघावा लागलेला नाही.

त्यानंतर आई राहिली ते पंधरा दिवस आम्ही रोज रात्री हेच केलं. ऑस्टिओ म्हणजे हाड, आपलं अस्थि. कार्डिओ म्हणजे हृद्, आणि इंग्रजीतला हार्ट पण तोच, लॅटिनमधला कोर पण तोच. ओडॉन्टो आणि डेंटल दोन्ही आपला दंत. नेझल म्हणजे नासा. ओनिको म्हणजे नखं, नख शब्दाचाच भाऊ. अम्बिलिकल आणि नेव्हल म्हणजे नाभी. गॅस्ट्रोएन्टेरायटिस मधला एन्टेरो म्हणजे संस्कृत आन्त्र, म्हणजे आपलं साधं आतडं! आणि प्रिफिक्स तर विचारूच नका. पेरी म्हणजे परि, पेरिकार्डियम हृदयाच्या परिघातलं. डिस म्हणजे दुस्, दुर्, डिस्प्निया म्हणजे श्वासाची दुर्दशा. एपि म्हणजे अपि. हायपर आणि सुपर म्हणजे उपरि, हायपो आणि सब म्हणजे उप. इंटर म्हणजे अन्तर्. हेमी आणि सेमी दोघांचा भाऊ संस्कृतमध्ये सामि आहे, अर्धा, तो मराठीत टिकला नाही. आणि सगळ्यात सोपा तो अ आणि अन्, अॅनिमिया म्हणजे अन् अधिक रक्त, आपण अनावश्यक, अनादर म्हणतो तेच, नुसता अ व्यंजनाआधी आणि अन् स्वराआधी, नियमसुद्धा दोन्हीकडे सेम आहे. आम्हाला हे आठवीत संस्कृतला शिकवलेलं आणि मी झूऑलॉजीला परत नवीन म्हणून शिकले.

माझं सगळ्यात लाडकं कार्ड हर्पिसचं. उदाहरण म्हणून दिलंय, हर्पिस झोस्टर. ग्रीकमध्ये हेर्पेइन म्हणजे सरपटणं. लॅटिनमध्ये तेच सेर्पेरे, त्यावरून सर्पंट. आणि संस्कृतमध्ये सर्पति, सर्प. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा जुना स पुष्कळदा ह होतो, सप्तचा हेप्टा, सेमीचा हेमी, तसाच सर्पचा हर्प. झोस्टर म्हणजे पट्टा, कंबरपट्टा. आता सांगा, आपल्याकडे या आजाराला काय म्हणतात? नागीण! कंबरेला पट्ट्यासारखी उठते म्हणून. कोणी कोणाचं बघून नाव ठेवलेलं दिसत नाही, तिकडच्या वैद्याला पण अंगावरून सरपटणारं काहीतरी दिसलं आणि इकडच्या आजीला पण. (एक बाजूला सांगते, नागिणीची दोन तोंडं मिळाली की माणूस दगावतो हे खरं नाही, ते पुरळ एका नसेच्या वाटेने बहुतेक एकाच बाजूला येतं, पण दुखणं भयंकर असतं म्हणून लवकर डॉक्टरकडे जा, डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी.)

असंच मायो. मायो म्हणजे स्नायू, पण ग्रीकमध्ये मूस म्हणजे उंदीर, तोच आपला मूषक. लॅटिनमध्ये मुस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर, त्यावरून मसल, कारण दंड वाकवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं. आपल्याला तिथे बेडूक दिसला म्हणून आपण बेटकुळी म्हणतो. आणि कॉक्सिक्स म्हणजे ग्रीकमध्ये कोकिळेच्या जातीचा पक्षी, त्याच्या चोचीसारखं हाड म्हणून, आणि आपलं माकडहाड. मी ही तीन कार्डं ऑफिसमध्ये दाखवली तर लंच ब्रेक संपला तरी कोणी उठेना.

आता चुका. आणि इथे मला मनापासून वाईट वाटतं, कारण या बॉक्सची खरी किंमत त्या खालच्या बारीक ओळीत आहे आणि नेमकी तीच ओळ निष्काळजीपणे लिहिलीये.

पहिली चूक पेडची. पिवळं कार्ड, पेड म्हणजे पाय, उदाहरणं पेडल, पेडिक्युअर, ऑर्थोपेडिक. पहिली दोन बरोबर, लॅटिन पेस, पेडिस, आपला पाद. पण ऑर्थोपेडिकमधला पेड हा पाय नाहीच, तो ग्रीक पाइस, पाइदोस म्हणजे मूल, पीडियाट्रिक्समधला. हा शब्द पॅरिसच्या निकोलस आंद्री या डॉक्टरने १७४१ साली आपल्या पुस्तकासाठी बनवला, ऑर्थोस म्हणजे सरळ आणि मूल, लहान मुलांची हाडं वेडीवाकडी होऊ नयेत म्हणून काय करायचं त्याबद्दल. त्याच पुस्तकात ते वाकड्या झाडाला सरळ खुंटीशी दोरीने बांधल्याचं चित्र आहे, ते अजून हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनांच्या लोगोवर दिसतं. हाडांच्या डॉक्टरकडे वेटिंगमध्ये बसलात तर भिंतीवर बघा. पायाच्या डॉक्टरचा शब्द वेगळा, पोडियाट्रिस्ट, आणि तो मात्र पादच, ग्रीक पोदोस. म्हणजे एकच स्पेलिंग आणि दोन बाप, आणि कार्डाने दोघांना एका घरात कोंबलंय.

दुसरी, अॅनाटमी. ती निळ्या अन्-च्या कार्डावर दिलीये, म्हणजे न कापलेलं? अहो उलट आहे! तिथे प्रिफिक्स अना आहे, वर किंवा पूर्णपणे, आणि तोमे म्हणजे कापणं, कापून उलगडून बघणं. न कापता येणारा तो अॅटम. नवीन माणूस हे वाचून उलटा अर्थ घेऊन बसेल. तसंच इन्फ्लमेशन, ते इन म्हणजे नाही याच्या कार्डावर आहे. तिथला इन म्हणजे आत, आणि फ्लामा म्हणजे ज्वाळा, आत आग लागणं, आपण त्यालाच दाह म्हणतो. लॅटिनमध्ये दोन वेगवेगळे इन आहेत, एक आपल्या अन्-चा भाऊ आणि दुसरा इंग्रजी इन-चा, हे कार्डावर लिहायला एक ओळ पुरली असती.

तिसरी, अल्कोहोलला लॅटिन म्हटलंय. अल् दिसला की अरबी, हे बऱ्याच शब्दांना लागू पडतं, अल्कली, अल्जिब्रा, अल् म्हणजे इंग्रजीतल्या the सारखा अरबी शब्द आहे. अल्-कुहल म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा, बारीक पूड. तिथून कुठल्याही वस्तूचा काढलेला बारीक अंश, मग ऊर्ध्वपातनाने काढलेला दारूचा अर्क, असा तो अर्थ सरकत आला. आणि सिरप पण अरबीच, शराब म्हणजे पेय, त्याच धातूवरून सरबत. आपण मुलाला खोकल्याचं सिरप पाजतो आणि पाहुण्याला सरबत देतो, शब्द एकाच घरचे.

छपाईच्या बाबतीत दोन गोष्टी तर धोक्याच्या आहेत. हायपर आणि हायपो ही दोन कार्डं एकाच रंगाची, एकाच फॉन्टची, लांबून सेम दिसतात. आमच्या कामात हायपरटेन्शनचा कोड आय-१० आणि हायपोटेन्शनचा आय-९५, बीपी जास्त आणि बीपी कमी, यात गोंधळ म्हणजे गंभीर गोष्ट आहे. मी हायपरवर लाल वरचा बाण काढलाय आणि हायपोवर निळा खालचा, तुम्ही पण पहिल्या दिवशीच काढा. दुसरं इलिओचं. आतड्याचा भाग इलियम आणि कंबरेचं हाड इलियम, देवनागरीत लिहिले तर दोन्ही डिट्टो, इंग्रजीत फक्त मधलं एक अक्षर वेगळं, आतड्यात ई आणि हाडात आय. कार्डावर एकच नमुना छापून खाली दोन्ही अर्थ दिलेत. माझी युक्ती अशी की एन्टेरोमध्ये ई आहे, आतड्यातला तो ई. अजून एकदाही चुकलेले नाही.

बॉक्सबरोबर एक चार पानी पत्रक येतं, त्यात पहिल्याच पानावर लिहिलंय की इंग्रजीतले सगळे मेडिकल शब्द संस्कृतमधून निघाले. हे वाचून आईला माझ्यापेक्षा जास्त त्रास झाला. ती म्हणाली, संस्कृतवर माझं पोट भरलं, तिच्या नावावर खोटं कशाला खपवायचं? संस्कृत ही ग्रीक-लॅटिनची आई नाही, बहीण आहे. हे १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने सांगितलं, तो तिथे सुप्रीम कोर्टात न्यायाधीश होता, की या भाषा एवढ्या सारख्या आहेत की त्या कुठल्यातरी एकाच मुळातून निघाल्या असणार आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं पण नसेल. आणि बहिणी आहेत याचा पुरावा शब्दांतच आहे, गुडघ्याचं घ्या. लॅटिन जेनू, जुना उच्चार गेनू, ग्रीक गोनू, संस्कृत जानु. मूळचा ग ग्रीक-लॅटिनने ठेवला आणि संस्कृतमध्ये त्याचा ज झाला, मग संस्कृत आई कशी? इंग्रजीत नी लिहिताना जो के लिहितो आणि बोलत नाही ना, तो पण त्याच ग-चा उरलेला. आणि काही शब्दांना तर नातं नाहीच. नेफ्रो म्हणजे किडनी, संस्कृतमध्ये वृक्क, काही संबंध नाही. पॅथो म्हणजे ग्रीक पाथोस, दुःख, त्रास, त्याचा आपल्या पथाशी संबंध जोडणारे मेसेज येतात, ते वाचून सोडून द्यायचे. जिथे नातं नाही तिथे ओढूनताणून जोडलं की जिथे खरं आहे त्यावर पण कोणी विश्वास ठेवत नाही.

मला वाटतं बॉक्समध्ये अजून एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे एकाच अवयवाला दोन-दोन रूट का. किडनीसाठी रिनल पण आणि नेफ्रायटिस पण. नाकासाठी नेझल आणि ऱ्हायनायटिस. त्वचेला क्युटेनियस आणि डर्मटायटिस. नवीन लोक यालाच सगळ्यात जास्त वैतागतात. कारण साधं आहे, रोममधले नावाजलेले वैद्य बरेचसे ग्रीक, गेलेन स्वतः ग्रीकमध्ये लिहायचा, त्यामुळे रोगांची आणि ऑपरेशनची नावं ग्रीक राहिली. पुढे युरोपात शिक्षणाची भाषा लॅटिन, व्हेसालियस या शरीरशास्त्रज्ञाने १५४३ मध्ये शरीररचनेवरचा मोठा ग्रंथ लॅटिनमध्येच छापला, म्हणून अवयवांची वर्णनं बरीचशी लॅटिन. आणि घरात बोलायचा शब्द जुन्या इंग्रजीचा, जसं नोज. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊच नये, आपला दात दुखतो पण आपण दंतवैद्याकडे जातो आणि तो दवाखान्यात बसतो, म्हणजे एकाच वाक्यात मराठी, संस्कृत आणि अरबी-फारसी झालं की!

पत्रकात शेवटी लिहिलंय की टॉन्सिलेक्टॉमी, अपेंडिसायटिस असे शब्द अशुद्ध आहेत कारण पुढचा तुकडा लॅटिन आणि मागचा ग्रीक. मला हे अजिबात पटलं नाही. आपण बेशुद्ध म्हणतो, त्यातला बे फारसी आणि शुद्ध संस्कृत. गैरसमज मधला गैर अरबी. हे शब्द काढून टाकले तर आपण बोलायचं काय? शब्द लोकांना लागतो तेव्हा हाताशी असलेल्या तुकड्यांनी बनतो, आणि बनला की तो आपला असतो.

संधीबद्दल पण दोन शब्द. इन अधिक लीगल इल्लीगल का होतं, सिन अधिक पथी सिम्पथी का, हे कार्डावर अपवाद म्हणून दिलंय. अपवाद कसला, उत् अधिक लेख उल्लेख, सम् अधिक तोष सन्तोष, शाळेत आपण हेच केलंय ना? झूऑलॉजीला अॅफरंट आणि इफरंट नसा शिकताना मी कायम गोंधळायचे. अॅड म्हणजे कडे, एक्स म्हणजे बाहेर, फेर्रे म्हणजे वाहून नेणं, आपला भृ धातू, भार. एक निरोप आत आणणारी, एक बाहेर नेणारी. ड-चा पुढच्या फ-मध्ये फ झाला एवढंच. हे मला एफवायला कोणी सांगितलं असतं तर माझे किती तास वाचले असते.

कोणी घ्यावा? कोडिंग, ट्रान्स्क्रिप्शन, नर्सिंग, डीएमएलटी, फार्मसी करणाऱ्यांनी नक्की घ्या, खासकरून मराठी मीडियमवाल्यांनी. नीटच्या मुलांना अर्धी कार्डं पुरतील, टॉमी, स्टोमी, एक्टॉमी वाली ऑपरेशनची कार्डं त्यांना एवढी लागत नाहीत. आम्हाला मात्र तीच सगळ्यात जास्त लागतात, कोलोटॉमी म्हणजे मोठ्या आतड्याला छेद, कोलेक्टॉमी म्हणजे ते किंवा त्याचा भाग कापून बाहेर, कोलोस्टॉमी म्हणजे त्याला पोटावर तोंड करून देणं, स्टोमा म्हणजे ग्रीकमध्ये तोंड, आणि ही तीन कार्डं बॉक्समध्ये एकदम स्वच्छ केलीयेत, छोट्या चित्रांसकट, त्यांना पूर्ण मार्क. मोबाईलवरची अॅप्स पण मी वापरून बघितली, पण टेबलावर हाताने तुकडे जोडण्यात जे डोक्यात बसतं ते स्क्रीनवर बसत नाही, निदान माझ्या तरी.

पाचपैकी साडेतीन. पत्रक नसतं आणि मागची ओळ कोणा जाणकाराने तपासली असती तर पाच दिले असते. बनवणाऱ्यांना मी चुकांचा मेल पाठवला, पुढच्या छपाईत बघू असं उत्तर आलंय. तोपर्यंत मी आणि आईने मिळून ३१ कार्डं हाताने लिहून घेतलीयेत, दुरुस्तीची आणि काही नवीन, बे आणि गैरची पण. ज्यांनी हा बॉक्स घेतलाय त्यांना फोटो हवे असतील तर खाली सांगा, आईचं अक्षर सुंदर आहे, झेरॉक्स मस्त येते.